शेडमागची भेग

१९ जानेवारी

सकाळी सात. उणे अकरा. नवा बर्फ चार सेंटीमीटर. एकूण एकशे बासष्ट.

हे माझ्या बायकोच्या, लुशाच्या, रजिस्टरात लिहायचं होतं, तिथे लिहिलं. तरी हात थांबेना, म्हणून शाळेतली ही जुनी वही काढली. पुढच्या पानांवर नववीच्या मुलांचे रसायनशास्त्राचे गुण आहेत. मागची पानं कोरी.

हिमस्खलनाच्या सूचना काढणाऱ्या कचेरीतून काल ग्वेनचा फोन आला होता. आधी लुशाबद्दल बोलली. मग विचारलं, आमच्या अंगणातलं केंद्र बंद करायचं का? एकोणीस वर्षं लुशा रोज सकाळी सातला आकडे कळवत होती. बारा ते अठरा जानेवारी, सात ओळी रिकाम्या आहेत. मी म्हटलं, मी करतो. जमेल का म्हणाली. म्हटलं, तीस वर्षं मुलांना थर्मामीटर वाचायला शिकवलं, एक मलाही वाचता येईल.

पांढरी रंगवलेली फळी बर्फावर ठेवलेली असते. तिच्यावर रात्रीत पडलेला बर्फ मोजायचा, फळी पुसायची, परत वर ठेवायची. एवढंच काम.

अकरा जानेवारीची ओळ लुशाच्या अक्षरात आहे. उणे सात. नवा बर्फ एकेचाळीस. शेवटचा रकाना शेऱ्याचा — रिकामा. त्या रिकाम्या रकान्याकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. चहा गार झाला.

२१ जानेवारी

आमची मुलगी झेन्या अजून इथेच आहे. इस्पितळातून दीड महिन्याची रजा घेतली आहे. आईच्या स्की काढून त्यांना मेण लावत असते. घरभर मेणाचा वास. मला तो वास म्हणजे लुशा उद्या जाणार.

दुकानात बटाटे घ्यायला गेलो. गल्ल्यावरचा म्हातारा म्हणाला, एकोणतीस डिसेंबरनं नेली तिला. इथे सगळे असंच बोलतात. नाताळात आठ दिवस आभाळ कोरडं होतं, कडाक्याची थंडी. तेव्हा बर्फावर दव गोठून पिसं उगवली होती, नखाएवढी. दिसायला इतकी सुंदर की लुशानं मला हात धरून बाहेर नेलं होतं. एकोणतीसला त्यांच्यावर नवा बर्फ पडला. पिसांवर वरचा थर चिकटत नाही, नुसता टेकून राहतो. अशा थराला ज्या दिवशी तो गाडला गेला त्या तारखेचं नाव देतात. माणसाला जन्माची तारीख, थराला पुरल्याची.

दहा जानेवारीच्या रात्री त्याच्यावर एकेचाळीस सेंटीमीटर पडला. अकराला सकाळी लुशा, तिच्याबरोबर स्की करणारा ब्राइस आणि त्याचा भाऊ 'चादरी'वर गेले. आमच्या घरामागून तीन तास चढलं की झाडं संपतात आणि तो उतार लागतो. वाळत घातल्यासारखा, एकसारखा पांढरा. लुशा पहिली उतरली. चादर वरपासून सुटली. ब्राइसनं तिला सव्वीस मिनिटांत उकरून काढलं. पाठीवरची पिशवी झाडांत अडकून तुटून गेली, ती सापडली नाही.

थर अजून तिथेच आहे. चादरीची अर्धी बाजू सुटली. उजवीकडची अर्धी तशीच टेकून राहिली आहे.

२४ जानेवारी

ब्राइस आला. आत येईना, पायरीवरच उभा. सुतार माणूस, हात रिकामे असले की त्याला काय करावं कळत नाही. बाहेरच्या दाराची बिजागरी नीट करून दिली. ती बिघडलेली नव्हती.

मग बोलला. त्या लोकांचा एक नियम आहे. उतारावर जाण्याआधी सगळे थांबतात, म्होरक्या विचारतो, कोणाचं 'नको' आहे का? एकाचं नको पुरतं. कारण विचारायचं नाही, नंतर चेष्टा करायची नाही. लुशानं त्या दिवशी झाडांच्या कडेला विचारलं होतं. ब्राइसला उतार बघून परत फिरावंसं वाटलं होतं. तो म्हणाला होता, "चला."

"मी म्हणायला हवं होतं, एलाय. एक शब्द."

मी त्याला चहा दिला. माझ्याकडे त्याच्याहून मोठं आहे.

२५ जानेवारी

आजही शेडकडे गेलो नाही. लाकडं ओट्यावरच्या ढिगातली घेतली. ढीग संपत आला.

३१ जानेवारी

लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे!

अकरा तारखेला सकाळी पावणेसातच्या आत लाकडं आणायला शेडमागे गेलो. मोकळ्या जागेत पाऊल टाकलं आणि पायाखालचा बर्फ खाली बसला. घुम्म — जमिनीखाली मोठं जनावर बसावं तसा आवाज. माझ्या बुटापासून एक भेग निघाली आणि सरळ कुंपणापर्यंत गेली. मी स्की करत नाही, गुडघे गेलेत, पण एकोणीस वर्षं लुशाच्या तोंडून ऐकलं आहे — घुम्म झालं की घरी बसायचं. आतला थर मोडला, एवढाच त्याचा अर्थ. अंगणातला सपाट बर्फ मोडतो तर चादर का मोडणार नाही?

लाकडं घेऊन आत आलो. लुशा बूट चढवत होती. थर्मामीटर वाचून आलो होतो तेवढं सांगितलं. "उणे सात." तिनं लिहून घेतलं. ब्राइसची गाडी आली. लुशा गेली.

का बोललो नाही? लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी एकदा दारात म्हटलं होतं, आज नको जाऊस. काही कारण नव्हतं, उगाच वाटलं होतं. ती थांबली. दिवसभर खिडकीत बसून डोंगर बघत राहिली. डोंगराला काही झालं नाही. संध्याकाळी म्हणाली, "पुन्हा दारात काही म्हणायचं असेल तर आदल्या दिवशी कळव, मी मागच्या दारानं जाईन." हसत म्हणाली, पण मग गंभीरपणे ठरलं. दारात बोलायचं नाही. निघालेल्या माणसाच्या बुटात भीती घालायची नाही. एकतीस वर्षं मी तो शब्द पाळला. मला त्याचा अभिमानही होता.

मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी आला होता. त्यानं विचारलं, त्या सकाळी घराभोवती काही खूण दिसली होती? मी म्हटलं, नाही.

शेऱ्याचा रकाना रिकामा आहे, म्हणजे तिला माहीत नव्हतं. तिनं ऐकलं असतं तर लिहिलंच असतं. एकोणीस वर्षांत तिनं अंगणात कोल्ह्याचे पाय उमटले तरी लिहिलं आहे.

४ फेब्रुवारी

फेन्या आली. लुशाची थोरली बहीण. बोर्श्ट, म्हणजे कोबीचं सूप, घेऊन आली, वर एवढी साय. माझी पातेली बघून म्हणाली, हे तू घासलंस की मांजरानं चाटलं?

बावीस फेब्रुवारीला लुशाला जाऊन सहा आठवडे होतात, त्या दिवशी स्मरणाची प्रार्थना असते. प्रार्थनाघरात टेबलावर पाव, मीठ, पाणी. स्तोत्रं. मग जेवण. फेन्यानं कोण काय आणणार ते सगळं आधीच वाटून टाकलं होतं. मला फक्त खुर्च्या मांडायला ठेवलं.

झेन्या तेवढ्यात म्हणाली, त्या दिवशी ती चादरीवर जाणार. आईनं जिथून सुरुवात केली तिथे पाव आणि मीठ ठेवायचं आणि उजव्या बाजूनं खाली उतरायचं. आईचं ते उतरणं अर्धं राहिलं आहे, ते पुरं करायचं. ब्राइस बरोबर येतो म्हणाला आहे.

फेन्या चमचा खाली न ठेवता म्हणाली, "तुझ्या आईला मी तीस वर्षं सांगितलं, देव खालीही आहे. तिनं ऐकलं नाही. तू तिचीच. पाव मी भाजून देते, पण तो परत आणायला मला वर पाठवू नका, माझी कंबर धरते."

झेन्या हसली. अकरा तारखेनंतर पहिल्यांदा. मी माझ्या ताटाकडे बघत राहिलो.

८ फेब्रुवारी

अखेर शेडमागे गेलो. भेग नव्या बर्फाखाली गेली आहे. नेमकी कुठे होती ते मला माहीत आहे.

लुशाचं फावडं आणि करवत घेऊन खड्डा खणला. तिला शेकडो वेळा करताना पाहिलं आहे. फावड्याच्या रुंदीचा उभा खांब कापायचा, वर फावडं आडवं ठेवायचं आणि थापा मारायच्या. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांब कितव्या थापेला मोडतो ते मोजायचं.

चौदाव्याला मोडला. एकोणतीस डिसेंबरवरच. टेबलाचा खण सरकावा तसा वरचा तुकडा पुढे सरकून माझ्या मांडीवर आला. खाली पिसं दिसली. भिंगातून बघितली. अजून सुंदर आहेत.

१२ फेब्रुवारी

सतरा.

१६ फेब्रुवारी

बावीस. झेन्या स्वतः खड्ड्यात उतरून बघत होती. म्हणाली, "बघ बाबा, बरा होतोय." मी म्हटलं, आकडा वाढतो पण खांब तसाच सरकतो, गुळगुळीत. ती म्हणाली, शेडमागचं अंगण म्हणजे चादर नव्हे. खरं आहे. पण अकरा तारखेलाही ते अंगणच होतं, हे मी तिला सांगू शकत नाही.

लुशा म्हणायची, झोपलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल नव्हे. आता उठवायला जास्त जोर लागेल, एवढंच. उठलं तर आधीपेक्षा मोठं उठेल. वर एक मीटर बर्फ आहे.

१९ फेब्रुवारी

पंचवीस. झेन्या खूश. मी दोनदा उलटी केली. फेन्याला सांगितलं बोर्श्ट बाधलं. तिनं तासभर भांडण काढलं.

२० फेब्रुवारी

कचेरीची सूचना: धोका 'बऱ्यापैकी'. पाच पायऱ्यांपैकी मधली. लुशाला या शब्दाची चीड होती. 'फार जास्त' म्हटलं की लोक घरी बसतात, 'कमी' असतो तेव्हा काही होत नाही. माणसं मरतात ती 'बऱ्यापैकी'त. बऱ्यापैकी म्हणजे बरं, असं मनाला वाटतं.

वारा सुटला आहे. पश्चिमेचा. चादरीच्या माथ्यावरून बर्फाचा धूर उडताना स्वयंपाकघरातून दिसतो. तो सगळा उजव्या बाजूला जाऊन बसणार.

२१ फेब्रुवारी, दुपार

नवा बर्फ बावीस. झेन्यानं पिशवी भरली. फावडं, शोधकाठी, माणसाचा माग देणारा बीकन. बीकनमध्ये नवे सेल घातले, मला चालू करून दाखवला, टक् टक् वाजला. मला धीर यावा म्हणून. मला एवढंच दिसलं की याचा उपयोग पुरल्यानंतर होतो.

पावाभोवती तिनं लुशाचा रुमाल गुंडाळला.

तिला कसं अडवू? 'नको' म्हणायचा हक्क जाणाऱ्यांना आहे. घरी राहणाऱ्याला त्या नियमात कुणी धरलेलं नाही. आणि नुसतं नको म्हटलं तर ती लुशाची मुलगी आहे, हसून निघून जाईल. कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की ती मला काय समजेल ते मला माहीत आहे. मग मी एकटा राहीन. आणि नाही सांगितलं तर —

पुढे लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळी आठ

सांगितलं.

साडेसहाला ब्राइस आला, अंगणात उभा राहून स्कीला चढायची कातडी लावत होता. झेन्या दारात बूट आवळत होती. मी तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, "तुला अडवत नाही. एक गोष्ट सांगतो, ती ऐक, मग जा."

घुम्म सांगितलं. भेग सांगितली, कुठून कुठपर्यंत. आत येऊन काय म्हणालो तेही. दार उघडं होतं, ब्राइसनं सगळं ऐकलं. त्याचे हात थांबले.

झेन्या खाली बसली होती ती तशीच राहिली.

"आईला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"आणि त्या अधिकाऱ्याला?"

"नाही."

"का?"

म्हटलं, दारात बोलायचं नाही असं ठरलं होतं आमचं.

ती उठली. मला वाटलं ओरडेल. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाजूला हो बाबा." मी झालो. दोघं गेली. पहिल्या वळणापर्यंत दिसली.

मला आता अकराला खुर्च्या मांडायच्या आहेत.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रार्थनाघरात साठ माणसं. टेबलावर पाव, मीठ, पाण्याचा लोटा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. फेन्यानं स्तोत्र उचललं. मी ओठ हलवत होतो. माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेनऊ, झाडांची कड — ती वेळ तर कधीच होऊन गेली होती. बारा. साडेबारा. लोक जेवायला बसले. कुणीतरी माझ्या ताटात बटाटा भरलेली पिराशकी, भाजलेली करंजीच, वाढली. मी ती हातात धरून बसलो. फेन्या मागून म्हणाली, खायची असते ती, तापवायची नसते.

एक वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. लाकडी जमिनीवर स्कीच्या बुटांचा खटखट आवाज. झेन्या सरळ टेबलापाशी आली, गुडघ्यांवर बर्फ तसाच. रुमाल सोडला. अर्धा पाव होता. तो टेबलावरच्या पावाशेजारी ठेवला.

"अर्धा झाडांच्या कडेला ठेवलाय. पुढे गेलो नाही."

फेन्या म्हणाली, "ती जमीन शनिवारी मी गुडघ्यांवर बसून पुसली आहे. आधी बूट काढ." मग तिला मिठी मारली आणि सोडेचना.

ब्राइस माझ्याजवळ येऊन बसला. कडेला पोचल्यावर त्यानं विचारलं होतं, कोणाचं नको? झेन्यानं लगेच म्हटलं, माझं. त्यानं कारण विचारलं नाही. मग तो म्हणाला, माझंही. सहा आठवडे उशिरा, पण म्हणालो.

उतार जागचा हलला नाही. त्यांच्यासमोर वीस मिनिटं उन्हात चकाकत होता.

घरी येताना झेन्या गाडी चालवत होती. पुलावर म्हणाली, "मी तुला माफ केलं नाही. करेन की नाही माहीत नाही. पण यापुढे या घरात लपवायचं नाही. तू नाही, मी नाही. जे वाईट असेल ते आधी सांगायचं."

मी बरं म्हटलं.

२३ फेब्रुवारी

झेन्या शहरात परत गेली. आईच्या स्की इथेच ठेवल्या.

ग्वेनला फोन केला. अकरा जानेवारीच्या शेऱ्यात भर घालायची आहे म्हटलं. सांगितलं. मग तिनं विचारलं, "वेळ?" मी म्हटलं सहा चाळीस. तिनं लिहून घेतलं. मग चौकशी अधिकाऱ्याला फोन. तो म्हणाला, कळवलंत ते बरं केलंत, निष्कर्ष बदलणार नाही. तो नाही बदलणार.

रजिस्टरात रकाना भरला. माझं अक्षर तिच्या ओळीत वाईट दिसतं.

९ मार्च

झेन्याचा फोन नाही. पंधरा दिवस झाले.

१० मार्च

सकाळी सव्वासातला तिचा संदेश. 'आजचा आकडा?' मी कळवलं: उणे तीन, नवा बर्फ नाही. उत्तर नाही.

११ मार्च

'आजचा आकडा?'

२६ मार्च

रोज सव्वासात. आज तिनं विचारायच्या आधीच मी पाठवला. तिनं लिहिलं, 'मांजर कसं आहे?' मांजर बरं आहे.

१९ एप्रिल

चादर सुटलीच नाही. पाऊस पडला, ऊन पडलं, ती जागच्या जागी राखाडी झाली आणि आता तिच्यातून दगड डोकावत आहेत. एकोणतीस डिसेंबर पाण्यात गेला. बावीस तारखेला ती दोघं उतरली असती तर कदाचित काही झालं नसतं. कदाचित. हे कधी कळणार नाही. मी याच्यासोबत राहू शकतो. अकरा तारखेसोबत राहता येत नाही. मी सांगितलं असतं तर ती थांबली असती का? रोज सकाळी फळी पुसताना हाच एक प्रश्न.

३ मे

अंगणातला बर्फ संपला. शेडमागे गवत.

१४ जून

झेन्या आणि ब्राइस काल वर गेले होते. ओढ्यात अजून मळका बर्फ आहे, मोडलेल्या झाडांनी भरलेला. त्याच्या कडेला लुशाची पिशवी सापडली. एक पट्टा तुटलेला. वरच्या खणात तिची डोंगरातली वही. पाण्यात न विरघळणारा कागद, पेन्सिलीचं लिहिणं, सगळं शाबूत.

झेन्यानं वही माझ्या हातात दिली आणि समोर बसली.

शेवटचं पान. '११ जाने. ६.४०. शेडमागे घुम्म, भेग कुंपणापर्यंत. खिडकीतून पाहिलं. रजिस्टरात लिहिलं नाही — लिहिलं तर जाता येणार नाही. एलायनंही पाहिलं. आत येऊन उणे सात म्हणाला. बोलला असता तर थांबले असते. शब्दाचा पक्का आहे बिचारा.'

पानाचा कोपरा दुमडलेला होता. लुशा कधी पान दुमडत नसे. म्हणजे झेन्यानं माझ्याआधी वाचलं होतं. ते पान फाडून ओढ्यात टाकता आलं असतं. तिनं ते घरी आणलं.

चहा तिनंच ठेवला. दोन कप.